पेनाएवढा टीडीएस मीटर: जरूर घ्या, पण आकडा बघून लगेच आरओवाल्याला फोन लावू नका

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, आणि ते मोजायची ही वस्तू साधी आहे. जाडसर पेनाएवढा प्लॅस्टिकचा दांडा, खाली दोन बारीक पिना, वर छोटा स्क्रीन. टोपण काढायचं, रेघेपर्यंत पाण्यात बुडवायचा, जरा हलवायचा, थांबायचं, आकडा येतो. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो, फिल्टर दुरुस्तीच्या दुकानातही असतो. मी नेरुळला राहते, आमच्याकडे हा बरेच महिने वापरात आहे, आणि या मीटरपेक्षा त्याच्या आकड्याचं लोक (शिकलेसवरलेले लोक, इंजिनियर लोक) काय करतात ते बघून मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी आमचे आकडे देते म्हणजे अंदाज येईल. नळाचं पाणी, म्हणजे मोरबे धरणाचं, ऐंशी-नव्वदच्या आसपास. शेजारच्या काकूंच्या आरओचं दहा-पंधरा. सोसायटीची बोअर, जिचं पाणी फ्लशला आणि झाडांना जातं, ती हजाराच्या पुढे, खाडी इतकी जवळ आहे की नवल नाही. दूध दोन हजाराच्या वर. आणि शहाळं, जे आजारी माणसाला आवर्जून देतात, ते अडीच हजाराच्याही पुढे गेलं. काकूंनी तो आकडा बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, मग शहाळं बंदच करायचं का आता?" मला त्यांचा प्रश्न फार आवडला, कारण त्यांनी मीटरच्या खोक्यावरचा तक्ता मनापासून खरा मानला आणि शेवटपर्यंत नेला. त्या तक्त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे छापलेत, आणि त्या हिशोबाने शहाळं लालच्याही पलीकडे जातं. तक्ता बरोबर असेल तर शहाळं पिणं थांबवायला हवं, आणि शहाळं चांगलं असेल तर तक्त्यात काहीतरी गडबड आहे. बाकीचे सगळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून मोकळे होतात.

तर हा मोजतो काय? दोन पिनांमधून अगदी थोडासा करंट सोडतो आणि पाण्यातून तो किती सहज जातो ते बघतो, बस. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरेंचे क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात आणि ते करंट वाहून नेतात. जितके आयन जास्त तितका करंट जास्त, मग आतली चिप त्याला एका ठरलेल्या गुणकाने गुणते आणि पीपीएम (म्हणजे साधारण लिटरला तितके मिलिग्रॅम) म्हणून दाखवते. हा गुणक काही मीटरमध्ये ०.५ असतो, काहींमध्ये ०.७, म्हणून तुमचा आणि तुमच्या भावाचा मीटर एकाच ग्लासात वेगळा आकडा दाखवेल आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. घरात यावरून भांडू नका.

घरी एक प्रयोग करून बघाच, मुलांना फार मजा येते. ग्लासभर नळाच्या पाण्यात दोन चमचे साखर ढवळा आणि मीटर बुडवा. आकडा जवळजवळ जागचा हलत नाही! नाव आहे एकूण विरघळलेले पदार्थ, आणि दोन चमचे साखर विरघळली ती याला दिसतच नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. आता त्यातच चिमूटभर मीठ टाका, आकडा उडी मारून हजाराच्या पुढे जाईल. जंतू याला दिसत नाहीत. कीटकनाशक दिसत नाही. शिसं आणि आर्सेनिक यांची आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि या मीटरची सगळ्यात लहान पायरी १ पीपीएम, म्हणजे त्या मर्यादेच्या शंभरपट, तेव्हा तेही विसरा. थर्मामीटर लावून आपण कोणाची शुगर बघत नाही, पण हा मीटर लावून "पाणी शुद्ध आहे का" हे मात्र अख्खी नवी मुंबई बघतेय.

आता खरी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या लॉबीत रविवारी सकाळी मोफत पाणी तपासणी शिबिर झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोन चुणचुणीत मुलं आली होती, टेबल मांडलं, दोन ग्लास ठेवले, एकात नळाचं पाणी आणि एकात त्यांच्या आरओचं. आधी आरओच्या ग्लासात मीटर बुडवला, १२. मग नळाच्या ग्लासात, ८४. "बघा सर, सातपट!" सातपट काय ते तो बोललाच नाही, ते समोरच्या माणसांनी आपलं आपण मनात भरलं, सातपट घाण. आपल्याकडच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे ८४ हा आकडा उत्तमच आहे. पण १२ आधी ऐकला की ८४ मोठा वाटतो, आणि ५०० आधी ऐकला की तोच ८४ लहान वाटतो, पाणी तेच आणि नळही तोच.

यावर १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी छापलेला प्रयोग आहे. लोकांसमोर जत्रेतल्यासारखं आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं करून ठेवलं होतं, आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के असतील. ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५, आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, आणि उत्तर देणाऱ्यांनाही ते चक्र उत्तर सांगतंय असं वाटायचं काही कारण नव्हतं, तरी ते आकड्याकडे ओढले गेलेच. मग लॉबीतल्या टेबलावरच्या १२ ने आमच्या ए विंगला ओढलं यात आश्चर्य काय.

त्यानंतर आला तो जादूचा प्लग. तुम्ही पाहिला असेल, चार लोखंडी-ॲल्युमिनियमच्या दांड्यांचं यंत्र, दोन दांड्या एका ग्लासात, दोन दुसऱ्यात, प्लग लावायचा आणि बघत राहायचं. मिनिटा-दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी हिरवट, मग चक्क गटारासारखं तपकिरी झालं, वर फेस, खाली गाळ. आरओचं पाणी जवळजवळ जसंच्या तसं. लॉबीत एकदम शांतता, एक आजोबा म्हणाले, "हे पीत होतो आपण इतकी वर्षं!" दोन जणांनी तिथेच बुकिंगचा फॉर्म मागितला.

मी त्या मुलाला म्हटलं, "दादा, एक करशील? यंत्र बंद कर, या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकू आणि परत लाव." तो म्हणाला, "मॅडम त्याची गरज नाही." मी म्हटलं, "गरज नाही, पण हरकतही नाही ना?" वॉचमनदादांनी डब्यातलं मीठ आणून दिलं. टाकलं, ढवळलं, लावलं, आणि ते शुद्ध, गोंडस, बारा पीपीएमवालं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तपकिरी झालं. तो गाळ पाण्यातला नव्हताच. लोखंडाच्या दांडीतून करंटमुळे लोखंड सुटून पाण्यात येतं आणि त्याचा गंज होतो, ॲल्युमिनियमचा पांढुरका साका होतो, ते सगळं त्या दांड्यांचं. क्षार असले की करंट जातो आणि दांडी झिजते, क्षार नसले की करंट जात नाही आणि दांडी तशीच राहते. मोरबेच्या पाण्यात लोखंड नव्हतं, ते लोखंड कंपनीनेच बरोबर आणलं होतं.

(घरी असला प्लग लावून बघू नका, थेट मेनचा करंट असतो. मीठ-साखर आणि मीटर एवढंच करा.)

मला त्या मुलावर राग नाही, त्याला जेवढं शिकवलंय तेवढं तो करत होता आणि मला तर वाटतं त्याचा स्वतःचाही त्या तपकिरी रंगावर पूर्ण विश्वास होता. मला वाईट वाटतं ते आमचं. लॉबीत दोन केमिकल इंजिनियर होते, एक सीए होत्या, एक निवृत्त हेडमास्तर होते, आणि "त्या दांडीत काय आहे" हा प्रश्न कोणालाच सुचत नव्हता. हुशारी कमी होती म्हणून नाही. डोळ्यांना रंग दिसला, मनाने लगेच गोष्ट जुळवली, आणि एकदा गोष्ट जुळली की हुशारी त्या गोष्टीचीच नोकरी करायला लागते, कारणं शोधून आणून देते. सीए मॅडम म्हणाल्या, "तरीच माझे केस गळतात." हेडमास्तर म्हणाले, "तरीच गॅसेस." पाच मिनिटांत त्या तपकिरी ग्लासाने अख्ख्या बिल्डिंगच्या तब्येतीचा इतिहास समजावून दिला.

लंडनमध्ये पीटर वेसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा १९६० चा प्रयोग आहे. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात, नियम ओळखा, तुम्ही वाटेल तेवढे तीन-तीन आकडे विचारा, मी बसतात की नाही एवढंच सांगणार. लोक विचारायचे ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. मग छातीठोक सांगायचे, दोन-दोनने वाढणारे. चूक. नियम एवढाच होता की आकडे चढत जायला हवेत, १, २, ५० पण चाललं असतं. पण आपला अंदाज मोडेल असे आकडे विचारावेत हे बहुतेकांच्या मनातच येत नाही, आपण आपल्याला "हो" ऐकवणारे प्रश्न विचारत राहतो. चिमूटभर मीठ म्हणजे १, २, ५०. डेमोवाला कधीच ते स्वतःहून टाकणार नाही, ते बघणाऱ्यानेच टाकायचं असतं.

आणि हे फक्त सेल्समनपुरतं नाही हो. माहीम आठवा! ऑगस्ट २००६, माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून हजारो माणसं किनाऱ्यावर, बाटल्या भरतायत, लहान मुलांना पाजतायत, महापालिका ओरडून सांगतेय पिऊ नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळलं की ते कमी होतात. म्हणजे लोकांची जीभ खोटं बोलत नव्हती, तिने क्षार कमी झालेत एवढं बरोबर सांगितलं. जीभ हाच आपला जन्मजात टीडीएस मीटर आहे. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर झाली, खारट नाही म्हणजे गोड, गोड म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे चमत्कार. आणि मिठी नदी त्याच खाडीत शहराचं सांडपाणी आणून सोडते, ते जिभेला कळत नाही. आमच्या लॉबीतही हेच झालं, फक्त जिभेच्या जागी डिजिटल स्क्रीन होता आणि चमत्काराच्या जागी ईएमआय.

लंडनची १८५४ ची पटकीची (कॉलऱ्याची) साथ तर याहून जिवाला लागते. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी चवीला इतकं छान मानलं जायचं की तिथून लांब हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई मुद्दाम त्या पंपाचं पाणी बाटलीतून मागवून प्यायची. तिच्या आसपास कुठेही पटकी नसताना ती गेली, घरी आलेली भाची तेच पाणी प्यायली, तीही गेली. डॉ. जॉन स्नो यांनी ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढायला लावला, नंतर हा धागाही पकडला, आणि तरीही त्या वेळच्या मोठ्या मंडळींनी त्यांचं म्हणणं मानलं नाही, कारण सगळ्यांना माहीतच होतं की रोग घाणेरड्या वासातून येतो. पाण्याला तर वास नव्हता.

आमचे एक मामा प्रत्येक लग्नात सांगतात, "आम्ही विहिरीचं पाणी प्यायलो, आम्हाला काय झालं?" मामा, याच विचाराने जर्मनीत मॅक्स फॉन पेटेनकोफर या थोर माणसाने, ज्याने म्युनिकला स्वच्छ पाणी आणि गटारं मिळवून दिली त्या माणसाने, ७ ऑक्टोबर १८९२ ला पटकीच्या जिवंत जंतूंचं पाणी सगळ्यांना सांगून प्यायलं. नुसता जंतू रोग करत नाही, जमिनीत काहीतरी घडावं लागतं, असा त्यांचा सिद्धांत. थोडं पोट बिघडलं, वाचले, आणि सिद्धांत सिद्ध झाला असं त्यांना वाटलं. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये नदीचं न गाळलेलं पाणी पिऊन ८ हजारांहून जास्त माणसं मेली होती, आणि रस्त्यापलीकडचं आल्टोना गाव, जिथे पाणी वाळूतून गाळून द्यायचे, बऱ्यापैकी वाचलं होतं. एवढा मोठा पुरावा शेजारी असताना त्या विद्वान माणसाला स्वतःचं एक पोट जास्त खात्रीचं वाटलं. जुनी गोष्ट आहे ना, देवळात नवस फेडून वादळातून वाचलेल्यांची चित्रं लावलेली असतात आणि एक जण विचारतो, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? फ्रान्सिस बेकन या इंग्लिश तत्त्वज्ञाने १६२० मध्ये हीच गोष्ट सांगून म्हटलं होतं की माणसाची बुद्धी अशीच चालते. विहिरीच्या पाण्याने गेलेली मुलं लग्नात बोलायला येत नाहीत मामा.

बरं, आता मीटरकडे परत, कारण वस्तू वाईट नाहीये आणि तिच्यावर अन्याय नको.

हा कामाचा कुठे आहे? तेच पाणी परत परत मोजायला. माझी नणंद घोडबंदर रोडला राहते, तिच्याकडे पालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर, आणि टँकर कुठल्या बोअरचा ते कोणी सांगत नाही. तिने मीटर टाकीवर ठेवलाय, आकडा एकदम दीडशेवरून आठशेवर गेला की कळतं आज पाणी बदललं, मग टँकरवाल्याला विचारता येतं, पिण्याचं वेगळं भरता येतं. तिच्या घरी आरओ आहे आणि तिथे तो असावाच, बोअरचं पाणी खारं आहे. आरओचं मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, खराब व्हायला लागलं की बाहेरचा आकडा महिन्यागणिक चढत जातो, ते पण मीटर छान सांगतो, मग सर्व्हिसवाला "मेंब्रेन गेलं मॅडम" म्हणाला की लगेच पैसे काढायची गरज नाही, मीटर काढायचा. फिशटँकवाल्यांना उपयोगी. इन्व्हर्टरमध्ये घालायचं पाणी खरंच डिस्टिल्ड आहे का बघायलाही.

आणि कुठे नाही? "हे पाणी पिऊ का" या प्रश्नाला. त्याच मानकात लिहिलंय की १०० मिलि पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये, आणि ते हा बघूच शकत नाही. मोरबे धरण, धावरी नदीवरचं, खालापूर तालुक्यातलं, महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन क्लोरीन घालून आपल्याकडे येतं. बिघडायचंच असेल तर ते बहुतेक वेळा आपल्या गेटच्या आत बिघडतं, जमिनीखालच्या टाकीत, गच्चीवरच्या टाकीत, गंजलेल्या पाइपात. त्यासाठी क्लोरीनची ओटी टेस्ट आहे, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, झालंच नाही तर क्लोरीन संपलंय. जंतूंचा अंदाज घ्यायला एच टू एस ची बाटली मिळते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर गडबड. आणि नीट हवं असेल तर लॅबला सॅम्पल. यातलं काहीच दोन सेकंदांत आकडा देत नाही, मला वाटतं लोकांना ते म्हणूनच आवडत नाही. काहनेमन आणि शेन फ्रेडरिक यांनी २००२ मध्ये हेच मांडलंय, अवघड प्रश्न समोर आला की मन गुपचूप सोप्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि आपण अदलाबदल केली हे त्याला कळतही नाही. पाणी सुरक्षित आहे का, हा अवघड. पाण्यात क्षार किती, हा सोपा.

आरओ फुकटचा नसतो हेही लक्षात घ्या. साध्या घरगुती मशीनमध्ये एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर वाहून जातं. जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा असं राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये म्हटलं होतं. ऐंशीच्या पाण्याला आरओ लावून आपण धरणाचं चांगलं पाणी मोरीत सोडतोय. जंतूंची काळजी असेल तर यूव्ही घ्या किंवा सरळ उकळा.

मीठ टाकल्यावर आमच्या लॉबीत काय झालं ते राहिलं. फॉर्म मागितलेल्या दोघांपैकी एकाने परत दिला, दुसऱ्याने तरीही भरला, म्हणाले, "ते ठीक आहे, पण तो रंग डोळ्यांसमोरून जात नाही." मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण माझ्याही डोळ्यांसमोरून तो जात नाही. सेक्रेटरी मात्र त्याच दुपारी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले, तर एका टाकीचं झाकण फुटलेलं आणि आत कबुतराची पिसं. मीटर तिथेही ८६ च दाखवत होता. झाकण बदललं, टाक्या धुतल्या, सॅम्पल लॅबला गेलंय, आणि दर महिन्याला शेवटच्या मजल्यावर ओटी टेस्ट करायची असं मीटिंगमध्ये ठरलं.

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार फक्त त्या हिरव्या-पिवळ्या-लाल तक्त्यासाठी कापला, तो फाडून टाका आणि मगच मीटर वापरा. घेताना एटीसी लिहिलेला घ्या, म्हणजे तापमानाचा हिशोब तो स्वतः करतो, नाहीतर पाणी एक डिग्री गरम झालं की आकडा साधारण दोन टक्के चढतो आणि तुम्ही उगाच टँकरवाल्यावर चिडाल. मागे कॅलिब्रेशनचा छोटा स्क्रू असेल तर मुलांच्या हातात देऊ नका. रेघेच्या वर बुडवू नका, आत पाणी गेलं की संपला. वापरून झालं की पिना साध्या पाण्याने धुऊन टिपून ठेवा, विशेषतः दुधानंतर. सेल एलआर४४, दोन लागतात, घड्याळवाल्याकडे मिळतात.